शालन आत्याचं अपील

"वैजू, ब्रेक मार! मार म्हणतो न्हवं!"

मागून आत्या एवढ्यांदा ओरडली की मला वाटलं, हिची ओढणी गेली चेनमध्ये. मी करकचून ब्रेक दाबला, सायकल तिरकी झाली आणि मी रस्त्याकडेच्या उसात जाऊन उभी राहिले. वळून बघते तर आत्या ठणठणीत. एक पाय जमिनीवर, एक पेडलवर, आणि बोट बाभळीला टांगलेल्या पत्र्याच्या पाटीकडे. पाटीवर लाल रंगात लिहिलं होतं : पंक्चर, हवा, ग्रीस आणि सल्ला.

"बघ की," आत्या म्हणाली, "सल्ला मिळतोय हितं."

"आत्या, निपाणी अजून नीट मागं पडली नाही. सकाळपासून कितीदा थांबायचं?"

"मग? सल्ला काय रोज रस्त्यावर मिळतोय?"

आमची शालन आत्या पक्की कोल्हापुरी बाई. 'मी जातो, मी येतो' असंच बोलायची, तिकडच्या सगळ्याच बायका बोलतात तसं. शाळेत पोरींना पी.टी. शिकवून शिकवून आवाज असा कमावला होता की रंकाळ्यावर हाक मारली तर महाद्वारात म्हैस बिचकावी. पन्नाशी गाठली होती, लग्न केलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी तोंड उघडलंच तर गळ्यातली शिट्टी वाजवून त्याला गप्प करायची. त्या हिवाळ्यात ह्याच बाईला लग्नाची मागणी आली होती.

मागणी घालणारे केरकर मास्तर वेंगुर्ल्याचे. शाळेत गणित शिकवायचे आणि खो-खोच्या स्पर्धांना पंच म्हणून यायचे. आत्या दरवर्षी आपल्या शाळेच्या पोरी घेऊन मैदानात, केरकर शिट्टी घेऊन मैदानात, आणि दोघांचं भांडण ठरलेलं. पोरीचा पाय रेषेला लागला की नाही, ह्यावरून सामना अडायचा. आत्या हात वर करून अपील करायची, केरकर शांतपणे मान हलवून ते फेटाळायचे. एकदाही त्यांनी तिचं अपील मान्य केलं नाही. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा मस्कतला. तर ह्या माणसानं गेल्या स्पर्धेनंतर, पोरी पेढे खाण्यात गुंतलेल्या असताना, आत्याला मैदानातल्या खुंटापाशी गाठून म्हटलं, "बाई, वर्षातून एकदाच भांडायला मिळतं. ते मला पुरत नाही हो."

आत्यानं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हातातली रश्श्याची वाटी कलंडली. "ह्या वयात? आणि कोकणात? मासे खाऊन पोट भरतं काय माणसाचं? पांढरा रस्सा कोण करून घालणार तुला तिथं?" रश्श्याचं आपलं निमित्त. आमचे आज्जा लवकर गेले, आबांनीच धाकट्या बहिणीला लहानाची मोठी केली, आणि ती कधी ह्या घरातून जाईल ही कल्पनाच त्यांनी सोडून दिली होती. आम्ही सगळ्यांनीच सोडून दिली होती.

आत्या वादात पडली नाही. "मी स्वतः जाऊन उत्तर देतो," म्हणाली. "हो तर हो, नाही तर नाही. सायकलवरून जातो, वाटेत विचार होईल." पाय फिरल्याशिवाय तिचं डोकं चालायचंच नाही. केरकरांना तिनं येण्याचा दिवस पत्रानं कळवून टाकला. आबांनी मला परसात बोलावून घेतलं. "तू जा तिच्यासंगं. आणि वैजू, तिला परत घेऊन यायचं. कळलं?" मी मान डोलावली. वीस वर्षांची होते, कॉलेजला सुट्टी होती, आणि मलाही आत्या घरातून जायला नको होती. ती गेली तर त्या घरात मोठ्यांदा हसणार कोण?

तर पंक्चरवाला. लुंगी, बनियन, डोक्याला गांधी टोपी. आम्हाला बघून त्यानं पाण्याचं घमेलं पुढं ओढलं. "काय? पुढचं चाक का मागचं?"

"सल्ला," आत्या म्हणाली.

माणूस एकदम सावरून बसला. टोपी सरळ केली, हात लुंगीला पुसले. "बसा, बसा. लई दिवसांनी गिऱ्हाईक आलं बघा. सगळी नुसती हवा मारून जात्यात."

"माझी एक मैत्रीण आहे," आत्यानं सुरू केलं. "पन्नाशीची. तिला मागणी आलीय. तिनं लग्न करावं काय?"

त्यानं आत्याचे पिकलेले केस बघितले, पांढरे कॅनव्हासचे बूट बघितले, गळ्यातली शिट्टी बघितली. "मैत्रीण सायकल चालवती?"

"चालवती."

"तुमच्यासारखीच?"

"सेम टू सेम."

मी उसाकडं तोंड करून उभी राहिले. हसू दाबून दाबून कानशिलं दुखायला लागली होती.

"हे बघा बाई," तो म्हणाला, "ट्रॅक्टर घ्यावा काय, भावकीत बोलावं काय, दात काढावा काय, कायबी इचारा. फकस्त लग्नाचं इचारू नका. दोनदा दिला तसला सल्ला. दोन्ही बाऱ्या मार खाल्ला."

"मग पाटीवर लिहा की तसं! लग्न सोडून म्हणून!"

"अहो, कोण इचारतंय बाभळीखाली लग्नाचं?"

एवढ्यात मागच्या झोपडीतून आवाज आला, "ते देत नसलं तर ऱ्हाऊ दे, मी हाय की!" आणि पिठाचे हात तसेच घेऊन त्याची बायको बाहेर आली. सगळं ऐकून बसली होती. "करा म्हणावं मैत्रिणीला! खुशाल करा! आम्ही एकट्यांनीच भोगायचं काय?" एवढं बोलून ती अशी काही हसायला लागली की नवराही हसायला लागला, आत्या हसायला लागली, मी तर उसात बसलेच. हसणं आवरल्यावर बाईनं गंभीर होऊन विचारलं, "बरं, त्यो सैपाक करतो काय?"

"ते काय माहीत नाही."

"ते आधी इचारा. बाकी सगळं जमवून घेता येतं."

आम्हाला भाकरी-झुणका खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. एक भाकरी तिनं वेगळी बांधून आत्याच्या हातात दिली. "ही तुमच्या मैत्रिणीला." पुढच्याच वळणावर आत्यानं ती सोडून खाऊन टाकली.

तिथनं पुढं आत्याचं जे सुरू झालं ते विचारू नका. चढ लागला की म्हणायची, "नको बाई, ह्या वयात नसती कटकट. नाहीच सांगतो." चढ संपून उतार लागला की वारं कानात शिरायचं आणि ती ओरडायची, "वैजू! काय हरकत हाय ग? हो म्हणून टाकतो!" आणि त्या रस्त्याला एवढे चढ-उतार की उत्तूर येईपर्यंत तिनं केरकरांना कितीदा होकार दिला आणि कितीदा मोडला, ह्याचा हिशेब राहिला नाही. मी प्रत्येक चढाला मनातल्या मनात खूश व्हायची.

आजऱ्याच्या अलीकडं तिनं पुन्हा ब्रेक मारला. ह्या खेपेला मीही मारला असता, कारण रस्त्याकडेला शेतात एक लाल एसटी उभी होती. चाकं नव्हती, विटांवर चढवलेली. दारावर पाटी : हॉटेल. आत गेलो तर खाकी कपडे, कातडी पिशवी, कानावर पेन्सिल, असा एक रिटायर कंडक्टर उभा. अख्ख्या बसमध्ये मागच्या बाकावर फक्त एक शेतकरी बशीतून चहा ओढत बसला होता. तरी कंडक्टर आमच्यावर ओरडला, "चला, पुढं सरका, मधे थांबू नका!"

आम्ही सरकलो. करता काय?

"कुठं?" त्यानं विचारलं.

"दोन चहा," मी म्हटलं.

"चहा मागनं. आधी कुठं जायचं ते सांगा. ठिकाण सांगितल्याबिगर तिकीट फाटत नाही, तिकीट फाटल्याबिगर चहा मिळत नाही."

"वेंगुर्ला," आत्या म्हणाली.

"सिंगल का रिटर्न? सिंगलला एक चहा, रिटर्नला दोन."

आत्यानं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मैदानात पंचाला तोंड वर करू न देणारी बाई, पण त्या मोडक्या बसमध्ये तिची बोबडी वळली. मी चटकन म्हटलं, "रिटर्न! दोघींचंपण रिटर्न!"

"तुझं तू काढ," आत्या माझ्यावर खेकसली. मग कंडक्टरला म्हणाली, "माझं आजऱ्यापर्यंतच द्या."

"मग अर्धाच चहा येणार."

"येऊ दे."

आणि त्या माणसानं खरंच अर्धा कप दिला हो! वर दोरी ओढून टिंग टिंग बेल मारली आणि गाडी सुटल्यासारखा स्वतःच गचका खाल्ला. मागच्या शेतकऱ्यानं घाबरून पुढचा दांडा पकडला, बशी गेली सदऱ्यावर. आत्याला त्या अर्ध्या चहातला अर्धा ठसक्यात गेला, एवढी ती हसली. पण बाहेर येऊन सायकलवर बसल्यावर तिनं एकदा मागं वळून त्या बसकडं बघितलं. मग म्हणाली, "वैजू, तू एवढ्या घाईनं रिटर्न का म्हणालीस ग?"

"चहा पाहिजे होता मला," मी म्हटलं.

रात्री आजऱ्यात तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीकडं मुक्काम केला आणि सकाळी आंबोलीच्या दिशेनं निघालो. घाट उतरताना आत्यानं काय केलं ते आबांनी बघितलं असतं तर तिथंच हार्टफेल झाले असते. दोन्ही पाय पेडलवरून काढून पसरले, मान मागं टाकली आणि प्रत्येक वळणाला "खोऽऽऽ!" म्हणून अशी आरोळी ठोकली की कठड्यावरची माकडं एकमेकांच्या अंगावर पडली. घाटभर उतार, त्यामुळं घाटभर होकार. मी मागं ब्रेक दाबूनच होते. आता चढ नव्हता. समुद्रापर्यंत सगळा उतारच.

घाटाच्या पायथ्याला एका गावाच्या वेशीवर लहानसं कौलारू देऊळ होतं. देवळाबाहेर खांबाला म्हैस बांधलेली, आणि एक माणूस तिच्या गळ्यात पडून तिला थोपटत होता. आता असं दिसल्यावर आत्या थांबली नसती तरच नवल.

"काय झालं हो?" तिनं विचारलं.

"उजवो दिल्यान!" माणूस आनंदानं म्हणाला. "म्हस इकूची नाय मा, म्हणान इचारलंय. देव म्हणता, होय, इकू नको."

"देव म्हणतो?"

तो आमच्याकडं कीव करून बघायला लागला. "घाटावरल्या काय तुमी? अहो, कौल. देवाच्या आंगार दोनय बाजूक कळे चिकटवतत. उजवो आधी पडलो तर होय, डावो पडलो तर नाय. मनातला काय ता इचारा. देव सांगता."

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मी जोरजोरात मान हलवली, नको म्हणून. तोवर तिनं बूट काढलेसुद्धा.

आत दगडी देव, काळा कुळकुळीत, उभा. पुजारी म्हणजे गुरव, म्हातारा, उघडा, गडबडीत. त्यानं दोन कळ्या पाण्यात बुडवून देवाच्या छातीवर दोन बाजूंना चिकटवल्या आणि आत्याला म्हणाला, "मनात धरा. मोठ्यान सांगूची गरज नाय." मग डोळे मिटून त्यानं गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा महाराजा! ही लेकरां घाटावरसून तुझ्या पायाकडे इली हत. तेंच्या मनात जा काय असात, तेचो निवाडो कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" बाहेरून म्हैसवाल्यानं साथ दिली.

आत्यानं हात जोडले होते, पण डोळे टक्क उघडे. पोरीच्या पायाकडं आणि रेषेकडं बघावं तशी ती कळ्यांकडं बघत होती. मीही बघत होते. काहीच होईना. एक माशी आली, उजव्या कळीवर बसली, उडाली. आत्यानं श्वास धरला. आणि मग टप्पकन, आमच्या डाव्या हाताची कळी सुटली आणि देवाच्या पायाशी पडली.

"दिल्यान!" गुरव म्हणाला आणि चक्क हसला.

मला आधी हायसं वाटलं. सुटलो, म्हटलं, आता मागं फिरायचं. आणि मग मी आत्याकडं बघितलं. तिचा चेहरा असा पडला होता की मला तिथंच रडू फुटायचं बाकी राहिलं.

"हसताय काय?" ती गुरवाला म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "नीट ऐकलं काय देवानं? मी काय विचारलं ते कळलं काय त्याला?"

"देवाक सगळा कळता, बाये."

"परत लावा कळ्या."

"असा चलत नाय. एका कामाक एकच कौल."

"अस्सं?" आत्या सरळ उभी राहिली. टाचा जोडल्या. उजवा हात ताठ वर केला. हा पवित्रा मी मैदानात शंभरदा बघितला होता, पण देवासमोर म्हणजे हद्द झाली. "अपील!" ती कडाडली. "मला हा निर्णय मान्य नाही!" आणि गुरव काही बोलायच्या आत तिनं शिट्टी तोंडाला लावून अशी फुंकली की आढ्यावरची कबुतरं फडफडत बाहेर पडली आणि म्हैस दावं तोडून पळाली. तिच्यामागं म्हैसवाला पळाला.

"अगो, काय करतस काय!" गुरव कानावर हात ठेवून ओरडला. "आयक तरी माझा! देवाचो..."

पण आत्या ऐकायला थांबते कुठली? बूट हातात घेऊन ती पायऱ्या उतरली, अनवाणीच सायकलवर चढली आणि सुटली. मी देवाला घाईघाईनं नमस्कार केला, माफ कर म्हटलं आणि तिच्यामागं लागले. म्हातारा रस्त्यापर्यंत हातवारे करत आला होता बिचारा.

पार सावंतवाडीच्या तळ्यापाशी मी तिला गाठलं. ती काठावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती आणि नाक ओढत होती.

"आत्या," मी म्हटलं, "डावा आला. आता परत जायचं ना?"

"कोण म्हणतं?"

"देव म्हणतो. आबापण म्हणतात."

"म्हणू देत." तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि एकदम हसायलाच लागली. रडता रडता हसत होती. "वैजू, अग, ती कळी पडली आणि माझ्या पोटात खड्डा पडला बघ. एवढा मोठ्ठा! मला तो माणूस पाहिजे आहे ग. दोन दिवस मी येड्यासारखी रस्त्यानं विचारत आलो, आणि मला आधीपासून पाहिजेच होता की!"

मी तिच्याशेजारी बसले आणि तिच्या दुसऱ्या बुटाची नाडी बांधून दिली.

"आणि आबांना काय सांगायचं?"

"सांग, देव नाही म्हणाला आणि बहीण हो म्हणाली."

वेंगुर्ल्याला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. केरकर मास्तर फाटकाबाहेर रस्त्यातच उभे होते, आणि अंगात पंचाचा पांढरा शर्ट, पांढरी पँट, कडक इस्त्रीची. कधीपासून उभे होते कोण जाणे, पाठ घामानं भिजली होती.

"बाई, उशीर केलात," ते म्हणाले.

"वाटेत कामं होती." आत्या सायकलवरून उतरली आणि स्टँडसुद्धा न लावता सायकल माझ्या अंगावर ढकलून दिली. "आधी माझं ऐकून घ्या. मागनं म्हणाल, लपवलं. मी तुमच्याविषयी कौल घेतला. देवानं नाही म्हणून सांगितलंय."

केरकरांचा चेहरा उतरला. "नाही?"

"डावा दिला. पण मी तिथंच अपील केलंय. मला निर्णय मान्य नाही. आता तुम्ही पंच, तुम्ही काय ते सांगा."

केरकर गणिताचे मास्तर. घाव बसला तरी सवय जाते कुठं? "नेमका कसा पडला कळा?" त्यांनी विचारलं. "तुम्ही कुठं उभ्या होता?"

"दाखवतो की." आत्यानं कुंपणाच्या जास्वंदीच्या दोन पाकळ्या तोडल्या, दोन्ही सायकली माडाला टेकवल्या आणि मला खांद्याला धरून समोर उभं केलं. "हा देव. देवा, हलू नको. मी अशी देवासमोर उभी." तिनं माझ्या दोन्ही खांद्यांवर एकेक पाकळी ठेवली आणि मागं सरकून हात जोडले. "आणि ही बघा, ही डावी पडली." असं म्हणून तिनं आपल्या डाव्या हाताची पाकळी बोटानं उडवली.

पाकळी माझ्या उजव्या खांद्यावरून खाली पडली.

मी आधी जमिनीवरच्या पाकळीकडं बघितलं. मग आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. उजवाच होता, मी जेवते त्याच हाताकडं बघत होते. मी तोंड उघडलं, आणि आत्याच्या डोक्यावरून केरकरांची आणि माझी नजरानजर झाली. त्यांच्याही लक्षात आलं होतं. डोळे चमकले, मिशी थरथरली, हसू पार कानापर्यंत आलं होतं, पण त्यांनी ते तिथंच अडवलं आणि माझ्याकडं बघून मान हलवली. अगदी हळू, एकदाच. नको.

मी तोंड मिटलं. देवच होते ना मी, देव कुठं बोलतो?

केरकर दोन पावलं पुढं आले. टाचा जोडल्या. गंभीर चेहरा करून त्यांनी हात वर केला. "अपील मान्य," ते म्हणाले. "निर्णय बदलण्यात येत आहे."

आत्या बघतच राहिली. "मान्य? असं कसं मान्य? एवढ्या लगेच?"

"मान्य."

"अहो, पण भांडा की जरा! मी रस्ताभर मुद्दे काढत आलोय!"

"ते आपण जेवताना घेऊ," केरकर म्हणाले. "मी सोलकढी केलीय. आणि कोल्हापूरसारखा जमला नाही, पण पांढरा रस्सा करून बघितलाय."

"तुम्ही स्वैपाक करता?" आत्यानं किंचाळून विचारलं आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की उरलेली पाकळीही पडली.

ती विहिरीवर पाय धुवायला गेली तेव्हा मी केरकरांना गाठलं. "काका, देव तर आपल्याकडं तोंड करून उभा असतो. मग तो त्याचा उजवा झाला की!"

"देवाचोच उजवो धरतत, अगो. आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं."

"म्हणजे देव होच म्हणाला होता! मग सांगा ना तिला!"

केरकरांनी विहिरीकडं बघितलं. आत्या पोहऱ्यानं पाणी उपसत होती आणि एकटीच खदखदा हसत होती. "देवाचं ऐकून आली असती तर आली असती बापडी," ते म्हणाले. "ती देवाशी भांडून आली माझ्यासाठी. ते कशाला काढून घ्यायचं तिच्याकडनं?" आणि मग एकदम पाठ फिरवून चष्मा पुसत बसले.

जेवण झाल्यावर आम्ही तिघं चौकातल्या एसटीडी बूथवर गेलो. आत मी एकटी. काचेबाहेर आत्या आणि केरकर. नंबर फिरवताना माझ्या डोक्यात पक्कं होतं. आबा दर रविवारी जोतिबाला जाणारे. देवानं उजवा कौल दिलाय म्हटलं की पुढं चकार शब्द काढणार नाहीत. आत्याला आत काय बोललं ते ऐकू येणार नव्हतं. हुकमाचं पान होतं माझ्या हातात.

पहिल्याच रिंगला फोन उचलला. शेजारीच बसून असणार.

"पोचलात?"

"पोचलो, आबा."

"उद्या कितीला निघताय?"

उजवा कौल माझ्या ओठावर आला होता. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "ती काय करालीय आत्ता?"

मी काचेतून बाहेर बघितलं. आत्यानं बुटाच्या टोकानं धुळीत एक रेष ओढली होती. एक पाय त्या रेषेवर ठेवून ती हातवारे करत तावातावानं बोलत होती, आणि केरकर खाली उकिडवे बसून तिच्या पायाशी बोट नेऊन ठामपणे नाही, नाही म्हणत होते. आजूबाजूला माणसं गोळा झाली होती.

"भांडत्या, आबा," मी म्हटलं.

"कुणासंगं?"

"केरकर मास्तरांसंगं."

"लई?"

"लई."

आमच्या आबांनी तिला लहानाची मोठी केली होती. ती कुणाशी एवढं मनापासून भांडते, हे त्यांना सांगावं लागलं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि हसूही आवरेना. कौल तसाच गिळून टाकला. तो आजपर्यंत कुणाला सांगितला नाही.

मग आबांनी घसा साफ केला. "बरं," म्हणाले, "तू एकटी ये. सायकल एसटीवर टाकून ये. आणि त्या माणसाला म्हणावं, तिच्यापुढं कधी हार मानायची नाही. करमायचं नाही तिला."